जुनं सामान शोधताना

जुन्या सामानातून दागिने करायचे, तर सुरुवातीलाच शहरातल्या दुकानांत पैसे घालू नकोस गं. आठवडी बाजार गाठ, भंगारवाल्याकडे सकाळीच जा. पोळा झाला की शेतकऱ्यांना बैलांच्या जुन्या घुंगरमाळा विचार. पट्टा कुजलेला असला तरी पितळी घुंगरं शाबूत असतात. चिंचेच्या कोळानं घासली की काळपटपणा जाऊन पिवळीधमक होतात. मला सगळ्यात आवडणारा माल तोच.

नवखे हमखास इथे चुकतात:

- लोहचुंबक नेत नाहीत. चिकटलं की समज, आत लोखंड, वर नुसता मुलामा.
- तुटकी पोत नाकारतात. दोराच तर गेलेला असतो, मणी चांगले असतात.
- चालू नाण्यांची पदकं करतात. नाणं कापणं-तोडणं २०११ च्या नाणे अधिनियमानं गुन्हा आहे.

कानातल्याची तार मात्र नवीच घे, जुनीनं कान चिघळतो. आणि किलोनं काही उचलू नकोस. आधी एका माळेपुरतं आण.