जुन्या मिनीची एकच बाजू खाली बसते, गळती कशी शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत आजोबांची १९६७ सालची मॉरिस मिनी आहे. बरीच वर्षं उभी होती. गॅरेजवाल्यानं दोनदा पंपानं पाणी भरून उचलून दिली, पण तीन-चार दिवसांत उजवी बाजू चार बोटं खाली येते. आता तो म्हणतो, "हे पाण्याचं सस्पेन्शन काढून टाकू, रबर बसवू." काय करावं?

रबराची घाई करू नका. आणि नुसतं पाणी तर अजिबात भरू नका आता, पुरे झालं. साध्या पाण्यानं पाइप आतून गंजतात. म्हणजे एक गळती बुजवायची आणि चार नव्या जन्माला घालायच्या.

मी मोटार मेकॅनिक नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात आयुष्य गेलं, त्यातून तिथल्याच कॅम्पातल्या एका निवृत्त गृहस्थांची मॉरिस ११०० हाताखाली आली. तिचं सस्पेन्शन आणि तुमच्या मिनीचं सस्पेन्शन एकाच घराण्यातलं, हायड्रोलास्टिक. ब्रिटिश इंजिनिअर अॅलेक्स मोल्टन यांनी ते बनवलं. १९६२ साली मॉरिस ११०० मध्ये पहिल्यांदा आलं, १९६४ पासून मिनीत.

आत काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे शोधाशोध निम्मी होते. तुमच्या गाडीला मुख्य लोखंडी स्प्रिंग नाहीत, वेगळे शॉकअपही नाहीत. प्रत्येक चाकाला एक बंद डबा आहे, त्याला डिस्प्लेसर म्हणतात. डब्यात रबराची जाड स्प्रिंग, एक डायफ्रॅम (लवचिक पडदा) आणि द्रव. उजव्या बाजूचा पुढचा डबा उजव्याच बाजूच्या मागच्या डब्याला पाइपनं जोडलेला, डाव्याचं तसंच. उजव्या-डाव्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की द्रव मागे पळतो आणि मागची बाजू उचलतो, त्यामुळे गाडी नाक आपटत नाही. सिट्रोएनसारखा इंजिनवर चालणारा पंप यात नाही. एकदा भरलेला द्रव कायमचा. तेव्हा एक अख्खी बाजू बसते आहे म्हणजे द्रव कुठूनतरी बाहेर जातोय, दुसरं काही नाही.

आता मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी ठिकाणी टेप लावा, आकडे खडूनं भिंतीवरच लिहा. रोज सकाळी तेच. उजवीकडची पुढची-मागची दोन्ही चाकं उतरत असतील तर गळती उजव्या बाजूलाच. इंजिनच्या वजनानं पुढचं जास्त उतरेल, त्यानं गोंधळू नका. एकच चाक खाली आणि बाकीची जागच्या जागी असं दिसलं, तर ती गळती नसून त्या चाकाचा नकल जॉइंट (डब्याकडून चाकाच्या दांड्याकडे जोर नेणारा गोळ्याचा सांधा) झिजलेला असण्याची शक्यता जास्त. थंडीत दोन्ही बाजू किंचित खाली येतात, तो दोष नव्हे.

मग शोध. टायरच्या पंक्चरला लावतो तसा साबणाचा फेस इथं लावणारे खूप भेटतात. अहो, आत हवा नाही, द्रव आहे, बुडबुडा येणार कुठून? आमच्या फाउंड्रीत कास्टिंगला बारीक चीर आहे का बघायला एका बाजूनं चुना फासतात आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावतात. चीर असेल तिथं चुन्यावर ओला डाग उमटतो. तेच इथं करा. पाइप, जोड, होज सगळं रॉकेलनं धुऊन, पुसून, पूर्ण वाळू द्या आणि वर पांढरी रांगोळी भुरभुरा. रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी बॅटरी घेऊन खाली झोपलात की रांगोळीत एक करडी रेघ ओघळलेली दिसेल. तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. खालचं टोक नव्हे, थेंब कुठूनही टपकतो.

बघायच्या जागा तशा मोजक्याच. डिस्प्लेसरमधून निघणारा रबरी होज, विशेषतः लोखंडी कॉलर दाबलेली असते तिथं. गाडीच्या पोटाखालून जाणारे स्टीलचे पाइप, जिथं जिथं क्लिप आहे तिथं. आपल्याकडची तांबडी माती पावसाळ्यात त्या क्लिपमागे जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. आणि मागच्या सबफ्रेमवरचे (चाकं-सस्पेन्शन बसवलेल्या लोखंडी सांगाड्यावरचे) द्रव भरायचे दोन व्हॉल्व्ह.

या व्हॉल्व्हनं मला चांगलाच धडा शिकवलाय. त्या ११०० चा पुढचा होज जुनाट दिसला म्हणून मी तोच गुन्हेगार ठरवला, काढला, नवा दाबून आणला, दोन रविवार घालवले. गाडी पुन्हा बसली. शेवटी वैतागून व्हॉल्व्हचं टोपण काढून तोंडावर वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरला, तर पाच मिनिटांत कागद भिजला. आतली पिन खराब. त्यामुळे तुम्ही सुरुवात तिथूनच करा.

पिन सैल करताना मात्र आपला चेहरा व्हॉल्व्हसमोर धरू नका. आत अडीचशे-तीनशे पीएसआयच्या आसपास दाब असतो आणि मूळ द्रवात जवळजवळ निम्मं अल्कोहोल. डोळ्यांना गॉगल, जवळ विडी-सिगारेट नको, आणि द्रव पूर्ण काढल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला गाडीजवळ येऊ देऊ नका. डिस्प्लेसरला तर वेल्डिंग कधीच नको, आत रबर आहे.

स्टीलचा पाइप सडला असेल तर अख्खा बदला, मधे तुकडा जोडू नका. होजसाठी उद्यमबागेत या, तुमच्या निपाणीपासून ७५-८० किलोमीटर. तिथं दिवसभर तीन हजार पीएसआयचे होज दाबून देतात, त्यांना हे काहीच नाही. फक्त सांगा, "तेल नाही, वॉटर-ग्लायकॉल, म्हणजे पाणी-कूलंट जाणार." कारण दुसऱ्या एका गावच्या गॅरेजनं त्या ११०० मध्ये प्रेसचं हायड्रॉलिक तेल भरलं होतं. मी काढलेल्या होजचा आतला थर फुगून चिकट झालेला, बोटानं सोलून निघत होता. मूळ द्रव म्हणजे पाणी, अल्कोहोल आणि गंजरोधक. आज बरेच लोक चांगलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरतात, मीही तेच भरलं.

भरण्याआधी आतली हवा पूर्ण काढायला हवी, नाहीतर गाडी चेंडूसारखी उडते. फ्रीज-एसीवाल्याकडचा व्हॅक्यूम पंप मागून आणा, मधे काचेची बाटली जोडा म्हणजे पंपात पाणी जाणार नाही, आणि व्हॅक्यूमचा काटा (पाऱ्याच्या) २७ इंचांवर जाऊन थांबेपर्यंत ओढा. नंतर प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप, आतून स्वच्छ धुतलेला, त्यानं द्रव भरा. दाबाच्या आकड्यामागे फार लागू नका. मॅन्युअलमधली उंची आली आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या की बस.

राहिलं रबर. तुमचा गॅरेजवाला अगदीच चुकीचं बोलत नाही. १९५९ ची पहिली मिनी रबरावरच होती, आणि पुढे खर्चापायी कंपनीही परत रबरावरच गेली. पण तुमच्या गाडीत नुसते डबे काढून रबर घालता येत नाही, शॉकअपसाठी बैठका करायच्या, सबफ्रेममध्ये फेरफार करायचे, बरंच कापाकापीचं काम आहे. चारही डिस्प्लेसर फाटलेले निघाले तर मीही रबरच म्हणेन. एका बाजूच्या गळतीसाठी नाही म्हणणार.

आणि हो, बेळगावला आणताना टेम्पोत घाला. बसलेली मिनी चाकांची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर टेकून ताशी ५० च्या आत हळू चालते, गावातल्या गावात ठीक आहे, पण वाटेतल्या तवंदी घाटात तशा अवस्थेत नेऊ नका.