दहा बाय अकराच्या खोलीत जुना पितळी दिवा शोभेल का?

तुम्ही विचारलंय की बेडरूम दहा बाय अकराची आहे, चोर बाजारात भिंतीवरच्या पितळी दिव्यांची एक जोडी आवडलीय, पण घरचे म्हणतात असल्या जड जुन्या वस्तूंनी खोली आणखी लहान दिसेल. मग घ्यावेत का, आणि घेतले तर किती उंचीवर, कसे लावावेत?

घ्या. पण जोडी नको, एकच घ्या.

'असल्या वस्तू वाड्यात शोभतात, आपल्यासारख्यांच्या खोलीत नाही' हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या आजोबांच्या गिरगावातल्या खोलीत गॅलरीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना असे दोन दिवे होते. पितळी दांडी पुढे येऊन वर वळलेली, खाली छोटं पान, वर झालर असलेली दुधी काच आणि काचेवर वेलबुट्टी कोरलेली. स्वातंत्र्याच्या आधी त्यांनी ते जुने म्हणूनच विकत आणले होते. चाळ पाडायची ठरली तेव्हा दादाने आधीच सांगून टाकलं, दोन्ही मी नेणार. त्याचा हॉल मोठा आहे, जोडी फोडू नये, आणि डोंबिवलीला तुझ्या खोलीत भिंत तरी कुठे रिकामी आहे? मी हटले नाही. शेवटी आईने एकेक वाटून दिला. दादा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता.

त्याचा दिवा आज टीव्हीच्या बाजूला आहे. वर फॉल्स सीलिंग, त्यात एलईडीची पट्टी, आणि दिव्यात पांढराशुभ्र बल्ब. चिंच-मीठ लावून पितळ इतकं घासलंय की कालचं वाटतं. सोफा दहा-बारा फूट लांब. तिथून काचेवरची वेलबुट्टी कुणालाच दिसत नाही. माझा दिवा पलंगाच्या उशाशी, हाताच्या अंतरावर आहे. रात्री तो लावला की कोरलेलं एकेक पान वेगळं दिसतं. माझं ठाम मत आहे की जुनी बारीक कारागिरी जवळून बघायची असते, आणि लहान खोलीत ती आपोआप जवळ येते.

आता खोली लहान दिसण्याबद्दल. छताच्या मधोमध ट्यूब असली की चारही भिंती सारख्याच उजळतात आणि खोलीचा डबा होतो. एका भिंतीवर पिवळसर उजेड पडला आणि समोरची भिंत थोडी अंधारात राहिली की ती मागे सरकल्यासारखी वाटते. शिवाय टेबल लॅम्प गेला, म्हणजे उशाजवळचं स्टूलही गेलं. माझ्या खोलीत कपाटाचं दार पूर्ण उघडायला लागलं ते त्यानंतरच. आणखी एक गोष्ट: पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा असला की उजेड सतत थरथरतो. भिंतीवरचा दिवा पात्यांच्या खाली राहतो, तिथे हा त्रास नाही.

एकच घ्या म्हणते त्याचं कारण हेच. दोन्हीकडून सारखा उजेड आला की ती खोल-उथळ गंमत जाते, आणि दहा फुटांच्या भिंतीवर दोन ब्रॅकेट म्हणजे देव्हाऱ्याची मांडणी होते. दादाचं 'जोडी फोडू नये' हे शोकेसपुरतं ठीक आहे. दुकानातही सुटा दिवा जोडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतो, कारण सगळे जोडीच मागतात.

घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. दांडीला चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. हिरवट डाग बघून भुलू नका, ते आम्ल लावून चार दिवसांत आणता येतात. स्क्रूच्या खाचा, भिंतीला टेकणारी मागची बाजू आणि दांडीच्या आतली कड बघा, खोटं काम तिथे उघडं पडतं. कुणी 'दीडशे वर्षं जुना' म्हणालं तर विचारा, विजेचा की गॅसचा? मुंबईत विजेची ट्रामच धावली १९०७ मध्ये आणि टाटांची खोपोलीची वीज शहरात आली १९१५ मध्ये. त्याहून जुना असेल तर तो बहुधा गॅसचा आणि नंतर विजेचा केलेला. त्याच्या दांडीवर गॅस सोडायची-बंद करायची छोटी चावी असते किंवा ती काढून बुजवल्याची खूण असते. असा मिळाला तर जरूर घ्या, चावी मात्र काढू देऊ नका.

उंची विचारली होती. दिव्याचा मध्य जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आसपास ठेवतात, पण पलंगाशी मी त्याहून खाली लावलाय, कारण मी तिथे पलंगावर बसते. आधी पलंगावर बसा आणि कुणाला तरी भिंतीशी दिवा धरून उभं करा. बल्ब थेट डोळ्यात येत नाही अशी जागा सापडली की पेन्सिलने खूण करा. कपाटाचं दार आणि मच्छरदाणीची दोरी आड येत नाही ना, तेही त्याच वेळी बघा. बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, ४ वॅटचा फिलामेंट एलईडी (आत जुन्या बल्बसारख्या तारा दिसतात तो). तो जुन्या ४० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो आणि काच तापत नाही. काच धरणारे तीन स्क्रू नुसते टेकेपर्यंत फिरवायचे, आवळायचे नाहीत. पितळ कोरड्या कापडाने पुसा, बस. चकचकीत घासलं तर दांडीतच बल्बचं प्रतिबिंब पडतं आणि जवळ बसणाऱ्याच्या डोळ्यांना ते खुपतं.

गेल्या दिवाळीला दादा आला, पलंगावर बसला आणि बराच वेळ दिव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा तोच का गं?" मी म्हटलं, "तोच, तुझ्याकडे आहे त्याचा जोडीदार." जाताना त्याने पुन्हा मागितला. मी नाही म्हटलं.

वायरिंगचं खरं तर आधी लिहायला हवं होतं. आतली जुनी कापडी वेष्टणाची वायर हात लावला तरी झडते. ती पूर्ण काढून टाका, होल्डरही नवा घाला. पितळेचं अंग म्हणजे अर्थिंग हवंच, त्यामुळे तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली वायर घ्या आणि त्यातली हिरवी, अर्थिंगची तार थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून ब्रॅकेटला स्क्रूने पक्की करा. वायरमन 'चालतंय की' म्हणाला तर दुसरा वायरमन बोलवा. मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर दिवा लावण्याआधी तो बसवून घ्या. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर हा दिवा अजिबात नको. चार इंची भिंत असेल तर लाकडी ठोकळा लावून वजन दोन-तीन गिट्ट्यांवर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या खुंट्यांवर) वाटा. भाड्याच्या घरात मालकाला विचारूनच छिद्र पाडा. आणि वाचायला, शिवायला हा एक दिवा पुरणार नाही, ट्यूब राहू द्या, फक्त दोन्ही एकाच वेळी लावू नका.

दुकानदार जोडी फोडायला तयारच नसेल तर दोन्ही घ्या आणि दुसरा अशा भावंडाला द्या ज्याची खोली तुमच्याइतकीच लहान आहे. मोठ्या हॉलवाल्याने कितीही मागितला तरी त्याला देऊ नका.