गवती चहाचं बेट कुजतंय, काय करावं?

प्रश्न: खानापूरजवळ घर आहे, मागं गवती चहाचं मोठं बेट आहे. पावसाळ्यात मधनं कुजतंय, चहात वासपण पहिल्यासारखा येत नाही. आणि बांधावर वाळा लावला तर चालेल का?

उत्तर: खानापूरचा पाऊस म्हटल्यावर कुजणारच बघा, बेट दाट झालं की मधी पाणी आणि वाळकी पानं साठतात आणि हवाच खेळत नाही. जूनला पाऊस लागला की बेट उपटून फोडा, मुळासकट दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब वेगळा करा, पानं वीतभर ठेवून छाटा आणि दीड-दोन फुटांवर वरंब्यावर लावा, खड्ड्यात नको. पानं कात्रीनंच कापा, कडा ब्लेडसारख्या असतात, बोट चिरतं.

वासाचं म्हणाल तर तो सिट्रल नावाच्या तेलाचा, लिंबाच्या सालीतपण तेच असतं, आणि ते वाफेबरोबर उडून जातं. आपल्याकडं आल्यासंगं दहा-दहा मिनिटं खळाखळा उकळतात, मग काय राहणार त्यात! चहा उकळल्यावर पान चुरगळून टाका, गॅस बंद, वर झाकण, तीन-चार मिनिटं बास.

वाळा जरूर लावा. त्याचा वास मुळात, पानात नाही. मुळं सरळ खाली खोल जातात म्हणून बांधाची माती धरून ठेवतात, पण माठात टाकायला हवीत म्हणून तीच खणून काढलीत तर बांध ढासळेल, त्यापेक्षा परसात दोन ठोंब वेगळे लावा, दीडेक वर्षानं खणा.