टेकऑफच्या वेळी विमानं एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून काय केलं जातं?

तुम्ही विचारलंय, की एकाच धावपट्टीवरून दोन-दोन मिनिटांनी विमानं सुटतात, तर मागचं पुढच्याला गाठत कसं नाही, आणि शिकाऊ पायलटने यात काय करायचं. माझी बरीच वर्षं विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये गेली, म्हणून त्या बाजूने सांगतो.

बरंचसं काम विमान धावपट्टीवर येण्याआधीच झालेलं असतं. क्रम लावतानाच आम्ही बघतो, कोण कुठे वळणार आणि कोण किती वेगाचं. उडाल्याबरोबर दोघांच्या दिशा ४५ अंश किंवा जास्त फाकणार असतील तर १ मिनिटही पुरतं. दोघं एकाच मार्गाने जाणार आणि पुढचं मागच्यापेक्षा ४० नॉट (ताशी सुमारे ७४ किमी) किंवा जास्त वेगवान असेल, तर २ मिनिटं. पुढचं हळू असेल तर शक्यतो क्रमच बदलतो, जेट आधी आणि टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं हळू विमान, मागे. होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीच्या आधी थांबायच्या रेघेवर, आधी पोचूनही थांबवलं तर रागावू नका. जड विमानामागे मध्यम किंवा हलकं असेल तर हवेतल्या भोवऱ्यांसाठी २ मिनिटं, आणि मागचं धावपट्टीच्या मधूनच निघणार असेल तर ३.

हवेत गेल्यावर खरा आधार उंचीचा. चढणाऱ्याला एक उंची देतो, उतरणाऱ्याला त्याच्यावर किमान १००० फूट. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फूट दिले होते, येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार. येणारं विमान आपल्या उंचीच्या खाली उतरलं, हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही धडकली आणि ३४९ माणसं गेली. म्हणून उंचीचा आकडा रीडबॅकमध्ये, म्हणजे आमची सूचना परत म्हणून दाखवताना, पूर्ण म्हणा. नुसतं ‘रॉजर’ चालणार नाही. शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणा. तुम्ही थांबणार आहात हे समोरच्याच्या टीकॅसला, म्हणजे टक्कर टाळायला विमानात बसवलेल्या यंत्राला, कळत नाही. त्याला फक्त वेगाने वर येणारं विमान दिसतं आणि ते यंत्र नाहक इशारा देतं. उलट, जमिनीपासून साधारण हजार फुटांपर्यंत टीकॅस ‘वर जा, खाली जा’ असं सांगतच नाही. तेवढा वेळ डोळे आणि कान हेच साधन.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती धावपट्टीवर उभ्या विमानाची. १ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसला अंधार पडल्यावर एक छोटं विमान धावपट्टीच्या मधल्या जागी टेकऑफसाठी उभं केलेलं होतं आणि त्याच धावपट्टीवर दुसऱ्याला उतरायची परवानगी गेली. ३५ जण गेले. मागून उतरणाऱ्याला ते शेपटीचे बारीक दिवे धावपट्टीच्या दिव्यांत वेगळे ओळखता आले नाहीत. कंट्रोलरही माणूसच, त्याच्याकडूनही विसर पडतो. तेव्हा होल्डिंग पॉइंटची रेघ ओलांडण्याआधी मान वळवून फायनलकडे, म्हणजे विमानं उतरायला येतात त्या दिशेला, बघाच, परवानगी मिळालेली असली तरी. ‘लाइन अप अँड वेट’ (धावपट्टीवर येऊन थांबा) म्हटल्यावर दीड मिनिट शांतता राहिली तर संकोच न करता विचारा. आणि तुम्ही उभे असताना तुमच्याच धावपट्टीचा नंबर दुसऱ्या कुणाच्या लँडिंगच्या परवानगीत ऐकू आला, तर ते वाक्य संपताक्षणी बटण दाबून सांगा, की आम्ही याच धावपट्टीवर उभे आहोत.