पोरीला मानसशास्त्रात एम.ए.ला पाठवू का?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मुलगी मानसशास्त्र घेऊन मराठी माध्यमातून बी.ए. झाली. तिला नागपूर विद्यापीठात एम.ए. आणि पुढे संशोधन, प्राध्यापकी करायची आहे. नातेवाईक म्हणतात, ‘येड्यांचा दवाखाना टाकते काय?’ खर्च कसाबसा झेपेल, पण नोकरी लागेल का?

उत्तर :
भाऊ, नमस्कार.

आधी नोकरीचंच बोलतो. नुसत्या एम.ए.वर प्राध्यापकी मिळत नाही, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास व्हावं लागतं. त्यानंतरही कितीतरी हुशार पोरं तासिका तत्त्वावर वर्षं काढतात, हे तुमच्यापासून लपवणार नाही. नेटमध्ये चांगले गुण पडून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. म्हणून तयारी पहिल्या सेमिस्टरपासून हवी. दवाखान्याची, म्हणजे रुग्णांवर उपचार करायची, वाट निराळी. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, परिषदेनं मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम लागतो आणि तिथं जागा फार थोड्या असतात.

आता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काय चालतं ते. तासांपेक्षा प्रात्यक्षिकात जास्त वेळ जातो. स्मरण, अवधान, बुद्धिमापन असे प्रयोग मुलं एकमेकांवर करतात आणि जर्नल लिहितात. शेवटी लघुशोधप्रबंध, म्हणजे स्वतः केलेल्या छोट्या संशोधनाचा लेखी अहवाल. पोरी इंग्रजीला घाबरतात, पण अडतात संख्याशास्त्रात. सुटीत तिला दहावीचं गणित पुन्हा काढायला सांगा. इंग्रजी पुस्तकं वाचता वाचता सहा महिन्यांत अंगवळणी पडतात.

तिच्याकडे मात्र शहरातल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे, तिची बोली. विद्यार्थी असताना मी एका गावात प्रश्नावली घेऊन फिरत होतो. ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नावर एक बाई ‘नाही जी, चांगलं हाय’ म्हणाल्या. उठताना चहा देत म्हणाल्या, ‘महिना झाला, झोप नाही. जीव कशातच लागत नाही.’ माझ्या कागदावर तर ‘नाही’ लिहून झालं होतं. उदास हा शब्दच त्यांचा नव्हता. परदेशात बनलेल्या चाचण्या मराठीत आणतानाही हीच अडचण येते. ‘घोर लागला’ म्हणजे नेमकं काय, हे जिला कोणी सांगावं लागत नाही, तिचं संशोधन खरं उतरतं.

हे काम आपल्याकडे झालेलंही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांना बोलतं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, १८ महिन्यांनी ते २७.२ टक्के झालं. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात २०१७ साली ते छापून आलं. नातेवाइकांना हे सांगा. दवाखान्याची पायरी न चढलेल्या माणसांपर्यंत जाण्याचं हे शास्त्र आहे.

माझं मत, पाठवा. फक्त तिच्याशी एक बोलून घ्या : एम.ए.नंतर दोन वर्षांत नेट-सेट झाली नाही तर शाळेत समुपदेशक किंवा सामाजिक संस्थेत काम करायची तिची तयारी आहे का?

प्रवेशाला जाल तेव्हा विभागात जुने लघुशोधप्रबंध पाहायला मागा. आपल्या भागातल्या शेतकरी घरांवर किती झालेत, ते तिलाच मोजू द्या.