मातीतून निघालेली चित्रं: वाचकांचे प्रश्न

उत्खननात रंगवलेल्या मंदिराचे अवशेष निघाले की पुढे काय, याबद्दल येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ वारंवार दिसतो. काही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न: रंग फिकट दिसतात. फोटोपुरतं पाणी शिंपडावं का?

उत्तर: नाही. रॉकेल तर मुळीच नको. मेक्सिकोतल्या बोनाम्पाकच्या माया भित्तिचित्रांवर ते लावलं गेलं होतं. तो कित्ता गिरवू नका.

प्रश्न: भिंत अर्धी उघडली आहे, रंग पक्के वाटतात. संवर्धकाला (जुनी चित्रं जपणाऱ्या तज्ज्ञाला) खोदकाम संपल्यावर बोलावलं तर खर्च वाचेल ना?

उत्तर: खर्च वाचत नाही, भिंत हातची जाते. शेकडो वर्षं तो गिलावा मातीच्या आधाराने, एकसारख्या ओलीत टिकलेला असतो. माती काढताच आधार सुटतो आणि आतलं पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जातं. त्यात विरघळलेल्या क्षारांचे रंगाखाली स्फटिक होतात, वाढतात आणि रंग पापुद्र्यासारखा उचलतात. रेषेच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. कुणीतरी ती सहज पुसतो आणि बोटाला लाल रंग लागतो. तो परत चिकटवता येत नाही. रंगाचा पहिला ठिपका दिसला की तिथेच थांबा. सावली करा, वारा अडवा, रंगावरचा शेवटचा मातीचा थर खरवडू नका. संवर्धक पहिल्या दिवसापासून खड्ड्यावर हवा. 'आधी खोदू, मग बघू' यात आजवर फार चित्रं गेली आहेत.

प्रश्न: एक विक्रेता पारदर्शक, जलरोधक, 'आयुष्यभर टिकणारा' लेप सुचवतो.

उत्तर: घेऊ नका. असा लेप ओल आत कोंडतो आणि सुटताना रंगही घेऊन येतो. अजिंठ्यात १९२०च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी लावलेलं व्हार्निश पुढे पिवळं पडलं, आणि ते तर जाणकारांचं काम होतं. गिलावा चुन्याचा की मातीचा, रंग कशात कालवलेला, हे तपासल्याशिवाय कोणतंही रसायन सुचवणार नाही. नमुना तपासून घ्या.

प्रश्न: कापलेला बटाटा फिरवला की चित्र उजळतं म्हणतात?

उत्तर: ऐकीव गोष्ट. पिष्ट मागे राहतं, बुरशी धरते.

प्रश्न: निधी संपला. पुढच्या हंगामापर्यंत पत्र्याची शेड पुरेल?

उत्तर: पत्रा पाऊस अडवतो, जमिनीतून चढणारी ओल नाही. बहुतेकदा नोंदी पूर्ण करून भिंत पुन्हा पुरणंच बरं: हवा-पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं कृत्रिम धाग्यांचं कापड), त्यावर धुतलेली क्षारमुक्त वाळू, मग माती. प्लास्टिक नको. थराची जाडी आणि पाण्याचा निचरा संवर्धकाने जागेवर बघून ठरवावा. वाळू आणि कापड मात्र पहिली कुदळ पडण्याआधीच आणून ठेवा.