दवाखान्यातल्या एक्स-रेनं हाडाला काही होत नाही, मग क्ष-किरण लेझरनं हिरा कसा बिघडतो? तो जळतो की वितळतो?

या क्षेत्रात काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. आधी दवाखान्याचं मिटवू. तिथले किरण तेच, पण विरळ. हाडातल्या बहुतेक अणूंना फोटॉनचा, म्हणजे किरणाच्या एका कणाचा, स्पर्शही होत नाही. लेझरच्या ठिपक्यात दर ग्रॅममागे शोषली जाणारी ऊर्जा त्याच्या अब्जावधी पट असू शकते.

गंमत म्हणजे एका झोतातली एकूण ऊर्जा अगदी मामुली, साधारण 1 मिलिज्यूल. तेवढ्यात चहाचा थेंबही कोमट व्हायचा नाही. पण ती काही दहा फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) आणि चिमूटभर जागेत येते. सिलिकॉनचा हिशेब करून बघा. फोटॉन 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक, किलो म्हणजे हजार), ठिपका 50 मायक्रॉन व्यासाचा. हे किरण सिलिकॉनमध्ये सुमारे 70 मायक्रॉन खोलवर मुरतात, त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या प्रत्येक अणूच्या वाट्याला साधारण 0.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. गणितं सांगतात की सिलिकॉनची जाळी, म्हणजे अणूंची शिस्तीतली मांडणी, याच आकड्याच्या आसपास मान टाकते. हिऱ्यासाठी तो आकडा 0.7 च्या घरात आहे. आता तोच झोत 1 मायक्रॉनवर एकवटा, मारा 2500 पट होतो. पुढे काय होणार ते सांगायला नको.

आता जळतो की वितळतो. माझ्या मते हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग, कारण सुरुवातीला यातलं काहीच होत नाही. फोटॉन अणूला ढकलत नाही, तो आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उपटून काढतो. सिलिकॉनमध्ये हा इलेक्ट्रॉन 6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन सुटतो. मागे राहिलेली रिकामी जागा वरचा इलेक्ट्रॉन भरतो आणि त्या झटापटीत बहुतेकदा आणखी एक बाहेर फेकला जातो. (फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर ओजे यांच्या नावावरून याला ओजे परिणाम म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांनी तो ओजेंच्या आधी, 1922 मध्ये मांडला होता, पण नाव ओजेंचंच पडलं.) हे सुटलेले इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांना धडका देतात, ते पुढच्यांना. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एकच फोटॉन शेवटी दोन हजारांवर इलेक्ट्रॉन मोकळे करतो. आणि हे कोणते? अणूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे.

मांडवाच्या सगळ्या गाठी एकदम सोडल्या तर बांबू क्षणभर होते तिथेच उभे दिसतात. तसंच इथे. अणू अजून थंड असतात, पण त्यांना जागेवर धरणारं काही उरलेलं नसतं, म्हणून जाळी कोसळते. याला अनौष्णिक वितळणं म्हणतात. हिऱ्यात बंधांची मांडणीच बदलते आणि त्याचं ग्रॅफाइट होतं. गणितानुसार याला दीडएकशे फेम्टोसेकंद लागतात. नेहमीची उष्णता मागाहून येते. इलेक्ट्रॉनांकडची ऊर्जा अणूंच्या थरथरीत उतरायला पिकोसेकंदाच्या (हजार फेम्टोसेकंदांच्या) आसपासचा वेळ जातो. मारा जोरदार असेल तर त्यानंतर पदार्थ उडून खड्डा पडतो. मायक्रोस्कोपखाली आपल्याला दिसतो तो हा खड्डा आणि भोवतीची पुन्हा गोठलेली कडा. त्याच्याकडे बघून वाटतं, जळलं. पण घोळ त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. जपानमधल्या साक्ला या क्ष-किरण लेझरवर हिऱ्यावर पाठोपाठ दोन झोत टाकले, पहिला बिघडवायला आणि दुसरा बघायला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात अणू जागचे हलू लागायला सुमारे 20 फेम्टोसेकंद लागल्याचं दिसलं. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम 6 मायक्रॉन जातो.

या उशिरातच सगळा धंदा आहे. झोत त्याहून आखूड असेल तर स्फटिक मोडायच्या आत त्याचं विवर्तनचित्र, म्हणजे त्यातून विखुरलेल्या किरणांचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र, हाती लागतं आणि त्यावरून अणूंची मांडणी कळते. ही कल्पना 2000 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटानं मांडली आणि 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरवर प्रथिनाच्या नॅनोस्फटिकांवर ती चालल्याचं जाहीर झालं. झोत थोडा लांबला तरी बिघडत नाही, कारण जाळी विस्कटली की ठळक ठिपके आपोआप मंदावतात आणि उरलेले फोटॉन नुसती धूसर पार्श्वभूमी वाढवतात.

अर्थात स्फटिक दर वेळी नवा लागतो, म्हणून ते पाण्याच्या बारीक धारेतून सोडतात. झोत पडला की धारच फुटून तिच्यात फट पडते. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेझरमध्ये झोतांच्या मालिका येतात, आणि मालिकेतल्या दोन झोतांमध्ये अवघे 220 नॅनोसेकंद असू शकतात. तेवढ्यात सेकंदाला 50 मीटर वेगाची धारसुद्धा 11 मायक्रॉनच सरकते. फट त्याहून रुंद पडली तर पुढच्या झोताला समोर काहीच सापडत नाही.